दिवेलागणीच्या आत मुक्कामी: बाहाच्या पहिल्या सफरीआधी वाचायचं पत्रक

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सफरीची आगाऊ रक्कम भरलीत, म्हणजे गाडी घेऊन बाहा कॅलिफोर्नियात, कॅलिफोर्नियाच्या खाली लांबवर गेलेल्या मेक्सिकोच्या द्वीपकल्पात, उतरायचं नक्की झालं. सॅन डिएगोहून सीमा ओलांडून एन्सेनादा, तिथून वाळवंटातून गेरेरो नेग्रोला देवमासे बघायला, आणि मग द्वीपकल्पाच्या पलीकडच्या अंगाला, आखाताच्या किनाऱ्यावर मुलेहे. जाऊन-येऊन आठ दिवस. आमचा आराखडा हातात पडला की तासाभरात फोन येतो आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "अहो, पहिल्या दिवशी नकाशा पाचच तास दाखवतोय, मग एन्सेनादाच्या पुढच्या सान किन्तीनलाच का थांबवताय? आम्ही बे एरियाहून एल.ए. एका दमात करतो."

करत असाल. पण तो रस्ता वेगळा. दर खेपेला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

सीमेलगतचं तिहुआना ते एन्सेनादा हा सुमारे १०० किलोमीटरचा टोलचा रस्ता छान आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र. तिथेच लोक फसतात, कारण पुढेही असंच असेल असं वाटतं. एन्सेनादाच्या दक्षिणेला बहुतेक ठिकाणी दोनच पदर उरतात, एक जायला, एक यायला. हा महामार्ग क्रमांक १, टोकापर्यंत पुरा झाला तो १९७३ साली. अनेक ठिकाणी त्याला साइडपट्टीच नाही. पांढरी रेघ संपली की डांबर संपतं आणि खाली हातभर उतार. समोरून अठरा चाकी ट्रक येतो तेव्हा दोन आरशांमध्ये किती जागा उरते हे बघायचा धीर होत नाही. जुना मुंबई-गोवा रस्ता आठवत असेल तर त्यातली वस्ती, झाडं आणि वडापावच्या गाड्या काढून टाका, म्हणजे चित्र येईल.

हे सगळं दिवसा काहीच नाही. तुमच्यापैकी कुणीही चालवू शकेल. रात्री मात्र आम्ही नको म्हणतो, आणि ते लुटारूंच्या भीतीने नव्हे, गाईंच्या भीतीने. गुरं मोकाट असतात, कुंपण असलं तरी मोडकं. वाळवंटात रात्री थंडी पडते, डांबर दिवसभराचं तापलेलं असतं, म्हणून जनावरं उबेला रस्त्यावर येतात. आम्ही हा धंदा सुरू करण्याआधी, आमच्या पहिल्याच सफरीत, वाळवंटातल्या कातावीन्या या छोट्या वस्तीच्या पुढे अंधार पडल्यावर मी एका वळणावरून आलो तर समोर काळी गाय उभी. दिव्यात आधी तिचे डोळे दिसले, गाय मागाहून. ब्रेक लागला, गाडी तिरकी होऊन थांबली, मागच्या सीटवर बाबांच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा पुढच्या काचेवर आला. गाय हलली नाही. बाबा पुढचे दोन तास बोलले नाहीत, आणि आमच्या आराखड्यातला 'दिवेलागणीच्या आत मुक्कामी' हा नियम त्या दोन तासांत ठरला.

म्हणून आम्ही दिवस तासांनी मोजत नाही, उजेडाने मोजतो. डिसेंबरात एन्सेनादाला पावणेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दिवसाला ४०० किलोमीटरच्या फारसं वर आम्ही कुणालाच नेत नाही.

आता मुख्य चूक. ती रस्त्यावर होत नाही, घरी होते: लोक उशिरा निघतात. पोहे होतात, चहा होतो, सामान एकदा काढून परत लावलं जातं, आजींची शाल सापडत नाही, आणि आठला निघायची गाडी साडेदहाला निघते. मग सीमेवर पोहोचेपर्यंत 'आधीच उशीर झालाय' हे डोक्यात बसलेलं असतं, आणि त्या घाईत सगळ्यात महत्त्वाचा थांबा हुकतो.

तो थांबा असा. सॅन इसिद्रोच्या सीमानाक्यावरून गाडीने मेक्सिकोत शिरताना अमेरिकेच्या बाजूला कुणी पासपोर्ट बघत नाही. मेक्सिकोच्या बाजूलाही बहुतेकदा हात हलवून पुढे जाऊ देतात. लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. तुम्ही स्वतःहून गाडी बाजूला घ्यायची, इमिग्रेशनच्या खिडकीवर जायचं, प्रवासी परवाना घ्यायचा आणि पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा. त्या परवान्याला तिथे 'एफएमएम' म्हणतात. गाडीतल्या प्रत्येकाने उतरायचं, झोपलेल्या पोरानेसुद्धा. तुम्हाला थांबवत कुणी नाही, म्हणून थांबायचं नाही असं नाही. पुढे गेरेरो नेग्रोजवळ, बाहाच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांच्या सीमेवर, कागद तपासले गेले तर तो शिक्का मिळवायला ७०० किलोमीटर मागे जावं लागेल. एक कुटुंब एन्सेनादाहून परत फिरलं होतं. शंभर किलोमीटर मागे, खिडकीवर अर्धा तास, पुन्हा शंभर किलोमीटर पुढे, आणि दिवस तिथेच संपला. संध्याकाळचं हॉटेल बदलायला आम्ही दोघं नवरा-बायको फोनवर बसलो होतो. परवान्याची फी बदलत राहते, निघायच्या आठवड्यातला आकडा आम्ही कळवतो.

बुकिंगच्या आधी आम्ही सगळ्यांच्या पासपोर्टच्या व्हिसाच्या पानाचे फोटो मागतो, त्यावर काहीजण नाराज होतात. कारण सांगतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल आणि हातात फक्त मुदतवाढीचा कागद असेल, तर त्या खिडकीवर तो कागद चालत नाही. अमेरिकेत परत येण्याचे नियम निराळे आहेत, त्यासाठी तुमच्या वकिलांनाच विचारा, आम्ही त्यात सल्ला देत नाही. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर त्यांच्या आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत कधी आले आणि कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, छापील प्रत जवळ ठेवा. आणि हो, मेक्सिकोला जाऊन आलं की त्यांना नवे सहा महिने मिळतात, ही समजूत सोडून द्या. एवढ्याशा फेरीनंतर सहसा जुनीच तारीख कायम राहते. तिच्यावर विसंबून परतीची तिकिटं पुढे ढकलू नका.

विम्याचं थोडक्यात. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईसाठी अमेरिकेतली तुमची पॉलिसी मेक्सिकोत धरली जात नाही, तिथल्या कंपनीची वेगळी पॉलिसी लागते. अपघातात कुणाला लागलं तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात, म्हणून कायदेशीर मदतीचं कलम असलेलीच पॉलिसी घ्या. आम्ही विमा विकत नाही, त्यात आमचं कमिशन नाही, तरी कुठलं कलम वाचायचं ते दाखवून देतो. गाडी कर्जावर असेल तर बँकेचं संमतिपत्र आधी मागवा. द्वीपकल्पात फिरायला गाडीचा वेगळा आयात परवाना लागत नाही. द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या ला पासहून फेरीबोटीने मुख्य भूमीवर गाडी न्यायची असेल तर लागतो.

रस्त्यावरच्या एका गोष्टीवर जास्त लिहितो, कारण आपल्याला ती ओळखीची वाटते आणि तिथेच घात होतो. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो. त्याचा अर्थ बहुतेकदा 'रस्ता मोकळा आहे, मला मागे टाक' असा असतो, आपल्याकडे ट्रकवाले हात हलवतात तसा. पण कधी तो खरंच डावीकडे वळत असतो! डावीकडे कच्चा रस्ता, शेत किंवा टपरी दिसत असेल तर थांबा. आणि तुम्हाला स्वतःला डावीकडे वळायचं असेल तर मधोमध इंडिकेटर देऊन उभे राहू नका. मागचा माणूस त्याचा अर्थ 'ये पुढे' असाच घेईल. जागा बघून उजवीकडे बाहेर घ्या, दोन्ही बाजू मोकळ्या होऊ द्या, मग ओलांडा.

गावाच्या वेशीवर 'तोपे' असतात, म्हणजे स्पीडब्रेकर. काहींना पाटी असते, काहींना नसते. 'वादो' म्हणजे रस्ता खाली जाऊन ओढ्याच्या पात्रातून वर येतो ती जागा. पाऊस पडलेला असेल तर पाणी ओसरेपर्यंत थांबा.

पेट्रोल: सान किन्तीनच्या पुढे, वाळवंट लागण्याआधी, एल रोसारिओला टाकी भरा. अर्धी असली तरी भरा. पुढचा भरवशाचा पंप सुमारे ३०० किलोमीटरवर. कातावीन्याला काहीजण पिंपातून पेट्रोल विकतात, पण ती अडीअडचणीची सोय आहे, तिच्यावर आराखडा बसवू नका. पंपावर भरायला माणूस असतो. मीटर शून्यावर आहे ना बघा आणि "येनो" म्हणा, म्हणजे टाकी फुल्ल. हिरवी नळी साधं पेट्रोल, लाल नळी प्रीमियम, काळी डिझेल. स्वच्छतागृहासाठी सुटे पेसो खिशात ठेवा, आजी-आजोबांकडे वेगळे.

लष्कराचे नाके लागतात. वीस-बावीस वर्षांची पोरं बंदूक घेऊन उभी असतात, कुठून आलात, कुठे चाललात विचारतात, डिकी उघडायला लावतात. गॉगल काढा, खिडकी खाली करा, बोट दाखवून "सान किन्तीन" म्हणा. नाक्यावर फोटो काढू नका. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या मेक्सिकोत चालत नाहीत, त्या घरीच ठेवा. गाडी बंद पडली तर पर्यटन खात्याच्या हिरव्या गाड्या फिरतात, 'आन्हेलेस वेर्देस'. मदतीचे पैसे घेत नाहीत, पार्ट लागला तर त्याचे द्यावे लागतात. नंबर ०७८. वाळवंटात बराच पट्टा नेटवर्क नसतं, नकाशा आधी उतरवून घ्या.

खाणं. शाकाहारी मंडळींचा खरा शत्रू मांस नाही, डुकराची चरबी आहे. राजम्यासारख्या दिसणाऱ्या घोटलेल्या फ्रिहोलेसमध्ये आणि मैद्याच्या तोर्तियात ती सर्रास असते. "सिन मान्तेका", म्हणजे चरबीशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. मक्याची तोर्तिया निर्धास्त खा, आपल्या मक्याच्या भाकरीची धाकटी बहीण आहे. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांना सांगायची गरज नाही, एन्सेनादाच्या गाडीवरच्या तळलेल्या माशाच्या ताकोनंतर त्यांचे फोन येत नाहीत. डबे-पिठलं न्या, पण संत्री-लिंबं नेऊ नका, राज्याच्या सीमेवर फळं तपासतात. मोकळा कढीपत्ताही नको, परतताना अमेरिकेच्या नाक्यावर तो काढून घेतील.

त्याच राज्यसीमेवर, २८व्या अक्षांशावर, घड्याळ बदलतं. हिवाळ्यात दक्षिणेकडचं राज्य एक तास पुढे असतं. उन्हाळ्यात दोन्हीकडे सारखंच, म्हणून मित्राने सांगितलेलं धरून चालू नका. देवमाशांचा हंगाम हिवाळ्यातला. गेल्या एका हंगामात एका कुटुंबाचे फोन विमान-मोडवर होते, हॉटेलच्या भिंतीवरचं घड्याळ चुकलंय असं त्यांनी ठरवलं आणि आठची बोट गेली. पुढची मिळाली, पण दुपारी, वाऱ्यात.

ही बोट मात्र चुकवू नका. करडे देवमासे आर्क्टिककडच्या थंड समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत ओहो दे लिएब्रेच्या खाडीत येतात, पिल्लं इथल्या उथळ, कोमट पाण्यात जन्मतात. १९९३ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माद्या पिल्लांना घेऊन छोट्या बोटीच्या कडेला येतात. कातडीवर चिकटलेले शिंपल्यांसारखे बार्नॅकल हाताच्या अंतरावर दिसतात, आणि उच्छ्वासाचा फवारा अंगावर आला की सडलेल्या मासळीचा वास दिवसभर जात नाही. मुलांना याचंच कौतुक जास्त.

त्यानंतर सान इग्नासिओची खजुराची बनं, पुढे सांता रोसालियाकडे उतरणारी 'नरकाची उतरण' (नाव त्यांनीच ठेवलंय, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा), आणि मग मुलेहे. बाइया कोन्सेप्सिओनच्या उपसागरात पाणी इतकं शांत की पाच वर्षांचं मूल कमरेएवढ्या पाण्यात तासभर बसतं. दोन रात्री तिथेच ठेवल्यात. मधल्या दिवशी हवं तर १३५ किलोमीटरवर लोरेतो, तिथलं मिशन १६९७ चं. तेव्हा आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते.

"मग ला पास?" हा दुसरा फोन. तिहुआनापासून एका बाजूने सुमारे १,४८० किलोमीटर आहे. आठ दिवसांत होतं, पण मग मुलं गाडीच्या काचेतून बाहा बघतात. पहिल्या खेपेला आम्ही ते आखून देत नाही, त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेलीही. दुसऱ्या खेपेला तेरा दिवसांचा आराखडा आहे, त्यात ला पासजवळचा बालान्द्राचा किनाराही येतो. तिथे पाळी लावून मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणजे तिथेही सकाळी लवकर.

परतीला रविवार आम्ही टाळतो, सॅन इसिद्रोची रांग तासन्‌तास चालते. 'रेडी' लेनमध्ये शिरायला गाडीतल्या सगळ्या मोठ्यांकडे चिप असलेलं कार्ड लागतं. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल, पण आईच्या पासपोर्टवर नुसता व्हिसा असेल, तर सगळी गाडी साध्या रांगेत. 'सेंट्री'च्या, म्हणजे आधीच तपासणी होऊन मंजुरी मिळालेल्या प्रवाशांच्या, लेनमध्ये चुकून शिरलात तर दंड होतो. आमच्या दिवसपत्रकात कुठल्या पाटीखालून जायचं त्याचा फोटो दिलाय.

निघायच्या आदल्या रात्री टाकी भरून, सामान डिकीत ठेवून आम्हाला एक फोटो पाठवा. सकाळी गाडी सुरू केली की मेसेज टाका. आम्ही सहापासून जागे असतो. साडेदहाला "निघालो" असा मेसेज आला तर पहिल्या रात्रीचं हॉटेल आम्ही लगेच एन्सेनादाला बदलून देतो, बदलाचे पैसे तुमच्याकडून घेतो, आणि ते बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं आहे.