चौकांतील थांबे आणि वाहनांचा इंधनखर्च

शहरातील चौक, नाके व वर्तुळी चौक यांपाशी वेग कमी करणे, थांबणे, रांगेत सरकणे आणि पुन्हा वेग घेणे यांमुळे वाहनाला लागणारे जादा इंधन. वाहतूक अभियांत्रिकीत ते ‘थांबा’ (थांबून पुन्हा वेग घेणे) आणि ‘विलंब’ (उभे राहण्यात जाणारा वेळ) अशा दोन घटकांत मोजतात. सिग्नलला उभ्या गाड्यांचा धूर डोळ्यांना दिसतो, त्यामुळे प्रचारमोहिमांचा भर विलंबावर असतो. हिशेबात थांब्याचा वाटाही त्याच्या तोडीचा, आणि जड वाहनांत बराच मोठा निघतो.

थांब्याची किंमत : माणसांसह १,००० किग्रॅ. वजनाची मोटार ताशी ४० किमी. वेगाने जात असता तिच्यात सुमारे ६२ किलोजूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक लावला की ती उष्णता होऊन जाते. इंधनातील ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच चाकांपर्यंत पोहोचते असे धरल्यास तो वेग पुन्हा घ्यायला ८ ते १० मिलि. पेट्रोल लागते. अशा मोटारीचे इंजिन जागच्या जागी चालू ठेवले तर तासाला साधारण ०.७ लि., म्हणजे मिनिटाला १२ मिलि. पेट्रोल जाते, वातानुकूलक चालू असल्यास अधिक. म्हणजे एक पूर्ण थांबा हा ४०-५० सेकंद इंजिन चालू ठेवून उभे राहण्याइतका महाग पडतो. १०० घ. सेंमी. च्या मोटारसायकलीत हे प्रमाण थोडे खाली, ३०-४० सेकंदांवर येते. बसचे गणित वेगळे. प्रवाशांसह १५ टन भरणाऱ्या डिझेल बसला त्याच वेगासाठी सुमारे ८५ मिलि. इंधन लागते, तर उभी असताना ती मिनिटाला ३० ते ३५ मिलि. खाते, तिचा एक थांबा अडीच मिनिटांच्या उभे राहण्याबरोबर आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेस या संस्थेच्या वर्तुळी चौकांसाठीच्या १९७६ च्या मानकात (आयआरसी ६५ : १९७६) बस २.८ मोटारींएवढी धरली होती. ते प्रमाण रस्त्यावर व्यापलेल्या जागेचे व प्रवाहक्षमतेचे आहे. इंधनाच्या हिशेबात तेच वापरले, तर नऊ-दहा मोटारींइतके इंधन खाणारा बसचा थांबा तिपटीने स्वस्त दिसतो.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ताशी ६० किमी. वरून थांबणे ४० वरून थांबण्याच्या सव्वादोनपट खर्चिक असते. उलट, पूर्ण न थांबल्यानेही फारसे वाचत नाही : ४० वरून २० वर येऊन पुन्हा ४० गाठण्यात पूर्ण थांब्याच्या तीन चतुर्थांश ऊर्जा जाते, आणि १० वर आणणाऱ्या गतिरोधकापाशी जवळजवळ सगळीच. सिग्नल नसलेल्या चौकाच्या चारही बाजूंना गतिरोधक घातले, की इंधनापुरता तो चौक कायमच्या लाल दिव्यासारखा वागतो. सुरक्षिततेचा विचार अर्थात वेगळा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर न काढता ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनाचे फेरे आयडलिंगच्या (उभ्या गाडीत इंजिन चालू असतानाच्या फेऱ्यांच्या) जरा वर येईपर्यंत इंधन पूर्ण बंद होते. पुढे थांबायचेच असताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली असून ती ही बचत घालवते. रांगेत हाफ क्लचवर चार-पाच मीटर सरकत राहणे सर्वांत वाईट : इंधन जाते, क्लचप्लेट झिजते आणि अंतर जवळपास शून्य. एका हिरव्यात रांग संपत नसेल, तर मागच्या गाड्यांना एकाच चौकात दोनदा थांबावे लागते.

सिग्नलची चक्रवेळ : सर्व दिशांच्या दिव्यांची एक फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ म्हणजे चक्रवेळ. ब्रिटिश संशोधक वेबस्टर यांचे १९५८ मधील सूत्र विलंब किमान करते : चक्रातील वाया जाणाऱ्या (दिवे बदलताना कोणीच न जाणाऱ्या) सेकंदांच्या दीडपटीत ५ मिळवून त्याला, १ मधून प्रवाहगुणोत्तरांची (प्रत्येक टप्प्यातील प्रत्यक्ष वाहतूक भागिले सलग हिरव्यात जाऊ शकेल ती कमाल वाहतूक) बेरीज वजा करून येणाऱ्या संख्येने भागणे. वाया जाणारा वेळ १२ से. आणि बेरीज ०.७ असल्यास चक्र ७७ सेकंदांचे येते. ब्रिटिश अभियंते रॉबर्टसन यांच्या ट्रान्झिट (TRANSYT, १९६९) या सिग्नलच्या वेळा ठरवणाऱ्या संगणकीय पद्धतीत विलंबाबरोबर थांब्यांनाही वजन दिले गेले. ऑस्ट्रेलियातील संशोधक आक्चेलिक यांनी १९८१ मध्ये वेबस्टर यांच्या सूत्राला थांब्यांच्या वजनाचा गुणांक जोडला. किमान इंधनासाठी तो ०.४ घेतल्यास वरील चौकाचे चक्र सुमारे ९२ सेकंदांचे होते. चक्र लांबले की एकूण वाट पाहणे वाढते, थांबे कमी होतात. हे वजन मोटारबहुल रस्त्यांसाठीचे आहे. बसमार्गावर ते वाढवणे सयुक्तिक वाटते. दुचाकींचे मात्र वेगळेच : त्या फटींतून पुढे येऊन थांबरेषेपाशी गोळा होतात, त्यामुळे रांगेची सरळ गणिते त्यांना नीट लागू पडत नाहीत.

सिग्नलची साखळी : पहिली साखळी १९१७ मध्ये सॉल्ट लेक सिटीत झाली असे सामान्यतः मानतात. तेथे सहा चौक एकाच हाती कळीने एकदम चालवले जात. सगळे दिवे एकाच वेळी हिरवे होणे आणि गाडीच्या वेगाने क्रमाक्रमाने हिरवे होत जाणे यांत मूलभूत फरक आहे. दुसऱ्याच प्रकाराला ‘हरित लहर’ म्हणायचे असेल, तर तिचा आरंभ स्वयंचलित कालयंत्रे वापरात आल्यानंतरचा, १९२० च्या दशकातला धरणे अधिक योग्य.

लहरीसाठी ४०० मी. अंतर व ताशी ४० किमी. वेग असल्यास पुढचा दिवा ३६ से. उशिरा हिरवा करतात. मात्र दोन्ही दिशांना ती साधायची, तर चौकांमधील अंतर अर्ध्या चक्रात कापल्या जाणाऱ्या अंतराइतके हवे : ९० सेकंदांच्या चक्राला ५०० मीटर. जुन्या शहरांत असे अंतर सहसा मिळत नाही, म्हणून सकाळी एका व संध्याकाळी दुसऱ्या दिशेला झुकते माप देतात. चौकाच्या तोंडाशी बसथांबा असेल तर बस हिरव्यात प्रवासी घेते, लाल दिव्यात अडकते आणि लहर तिच्यामागच्यांसाठीही मोडते. बसथांबा चौक ओलांडल्यावर असावा.

वर्तुळी चौक : कमी वाहतुकीत वेग घटतो, पण उभे राहणे टळते. चंदीगडच्या आखणीत ते ठळक आहेत. वर उल्लेखिलेल्या आयआरसी ६५ : १९७६ या मानकात सर्व बाजूंनी मिळून तासाला ३,००० वाहने ही वरची मर्यादा मानली होती. त्यापुढे वर्तुळ स्वतःच तुंबते.

इंजिन बंद करणे : इंजेक्शनच्या गरम इंजिनाला पुन्हा सुरू होताना फार थोडे इंधन लागते, साधारण १० सेकंदांहून अधिक थांबायचे असल्यास बंद करणे फायद्याचे. दिल्ली सरकारची ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ मोहीम (२०२०) यावरच होती. बॅटरी थकलेल्या किंवा किकने सुरू होणाऱ्या गाड्यांनी हिरवा लागल्यावर खटपट केली, तर मागच्या रांगेचे काही सेकंद जातात. सेकंद दाखवणारे सिग्नल येथे उपयोगी पडतात.

विजेवरील वाहनात ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालून ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो आणि उभे असताना मोटर वीज घेत नाही. वातानुकूलकाचा खर्च मात्र चालूच राहतो.