माशांची प्रतिकारशक्ती आणि दिवस-रात्रीचं गणित: थोडी पार्श्वभूमी

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या शेततळ्यात आता बरेच जण कटला-रोहू सोडतात, आणि थंडी पडली की अंगावर लाल चट्टे आलेले मासे दिसले रे दिसले की आधी पाण्यात औषध. पण जंतू पाण्यात बहुतेक वेळा आधीच असतो, माशाची ताकद कधी कमी पडते ते बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ही ताकद उजेड-अंधाराच्या लयीशी बांधलेली असते, आणि माशाला उजेड डोळ्यांशिवायही कळतो हा शोध तसा जुना आहे. १९११ मध्ये कार्ल फॉन फ्रिश, ज्यांना पुढे मधमाश्यांवरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांनी दाखवलं की आंधळ्या केलेल्या छोट्या माशाच्या डोक्यावर उजेड पाडला तरी त्याचा रंग बदलतो. १९५८ मध्ये मेलाटोनिन सापडलं, रात्री वाढणारं हॉर्मोन, आणि माशात ते बनवणारी मेंदूतली पिनिअल ग्रंथी उजेड थेट ओळखते. खरी कमाल २००० ची. झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाचं हृदय आणि किडनी काढून डिशमध्ये ठेवली तरी नुसत्या उजेड-अंधारावर त्यांचं आतलं दिवस-रात्रीचं घड्याळ लागलं! आता माशाला आपल्यासारखी अस्थिमज्जा नसते, रक्तपेशी बनतात किडनीच्या पुढच्या भागात, म्हणजे रोगाशी लढणारी फौज जिथे तयार होते त्या अवयवालाच उजेड कळतो.

तापमानाचं तसंच. १९७६-७७ मध्ये रेनॉल्ड्स, कॅस्टरलिन, कोव्हर्ट या संशोधक मंडळींनी माशांना एरोमोनास जंतू टोचले तर मासे आपणहून गरम पाण्याकडे गेले, म्हणजे त्यांनी ताप आणून घेतला, आणि तशी सोय मिळालेले गोल्डफिश जास्त जगले. डिसेंबरात शेततळ्यातल्या माशाने गरम कोपरा कुठून आणायचा? १९८८ मध्ये भारतात शिरलेला ईयूएस, तो अंगाला खोल जखमा करणारा रोग, तोही पाणी गार झालं की जोर धरतो.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ट्राउट मासे चोवीस तास उजेडात ठेवून पाहिले, तर त्वचेतल्या प्रतिकारशक्तीची रोजची लय बिघडली आणि अंगाला चिकटून राहणाऱ्या माशांच्या उवांचा त्रास वाढला. आपल्याकडे चोरीच्या भीतीने तळ्यावर रात्रभर फ्लडलाइट लावतात, पहाटे तर पाण्यातला ऑक्सिजनही सगळ्यात कमी असतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात, नेमके त्या उजेडाखाली. लाइट लावायचाच असेल तर त्याचं तोंड बांधाकडे करा, पाण्यावर पाडू नका.