दोन वर्षांची पदवी म्हणजे केवळ यंत्र चालवणे नव्हे

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांतील (स्थानिक, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या महाविद्यालयांतील) मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची पदवी म्हणजे यंत्राची बटणे दाबायला शिकवणारा वर्ग, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. सुमारे 60 श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) या असोसिएट पदवीत सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्रांबरोबर सामान्यतः त्रिकोणमिती, धातूंचे गुणधर्म आणि संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणही शिकावे लागते. लेथवरून नुकताच उतरवलेला, अजून कोमट असलेला 100 मिलिमीटर लांबीचा पोलादी दंड मोजला, तर 20 अंश सेल्सिअस या प्रमाण तापमानापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक 10 अंशांमागे तो सुमारे 0.012 मिलिमीटर लांब भरतो. मायक्रोमीटर हे मोजण्याचे उपकरण बिनचूक असूनही मोजमाप चुकते आणि ते का चुकले हे ओळखता येणे, हाच माझ्या मते या शिक्षणाचा गाभा आहे.

पुढचे शिक्षण खुंटते, हेही खरे नाही. मात्र हे श्रेयांक चार वर्षांच्या इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी पदवीसाठी जितके सहज धरले जातात, तितके कॅल्क्युलसवर उभ्या असलेल्या इंजिनिअरिंग पदवीसाठी धरले जात नाहीत. त्यामुळे कम्युनिटी कॉलेज आणि पुढची चार वर्षांची पदवी देणारी संस्था यांच्यातील श्रेयांक-हस्तांतराचा करार प्रवेशापूर्वीच लेखी पाहून घ्यावा.