बहुमाध्यमी साक्षरता आणि शोधाधारित गणित (बालशिक्षण)

तीन ते आठ वर्षांचे मूल संख्या, माप किंवा आकार फक्त अंकांनी सांगत नाही. हातवारे, उड्या, चित्र, मातीचा गोळा, बोलणे ही सगळी त्याची साधने असतात. या साधनांतून अर्थ लावण्याच्या आणि मांडण्याच्या क्षमतेला बहुमाध्यमी साक्षरता म्हणतात. शोधाधारित पद्धतीत शिक्षिका उत्तर देत नाही. मुले अंदाज बांधतात, मोजतात, नोंदतात आणि एकमेकांशी भांडून उत्तर ठरवतात. एकच राशी हातातून चित्रात, चित्रातून बोलण्यात आणि शेवटी अंकात नेताना काहीतरी निसटते. ते मुलाच्या लक्षात आले की गणित सुरू झाले.

पार्श्वभूमी

बहुमाध्यमी साक्षरतेमागची ‘बहुसाक्षरता’ ही कल्पना न्यू लंडन गट या शिक्षण-अभ्यासकांच्या गटाने 1996 मध्ये मांडली. इटलीतील रेज्जिओ एमिलियाच्या बालशाळांत शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुझ्झी यांनी त्याच्या कितीतरी आधी चित्र, माती, प्रकाश यांना मुलांच्या भाषा मानले होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत परिसरातल्या साध्या वस्तू घेऊन बालशिक्षण उभे केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर ठरवला. पाठोपाठ 2021 मध्ये पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी निपुण भारत अभियान आले.

मारुतीच्या गुडघ्यापासून मापापर्यंत

नाशिककरांना पुराचा जोर कळायला मीटर लागत नाहीत. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आले, कंबरेला आले की छातीला, यावरून पूर सांगितला जातो. लहान मुलांसाठी याहून चांगला मापनपाठ शोधून सापडायचा नाही.

पाच-सहा मुलांचा गट पुरे. मारुतीच्या मोठ्या चित्राच्या तळाशी निळ्या कागदाची पट्टी ठेवतात. मूल ती वर सरकवत पाणी ‘चढवते’ आणि कुठवर आले ते बोलते. मग प्रश्न येतो: ‘पाणी गुडघ्याला आलं म्हणजे किती आलं?’ मुले आपल्या गुडघ्याला हात लावतात, ताईंच्या गुडघ्याशी ताडून पाहतात. एका शब्दाची दोन मापे निघाली की वाद होतो. तो लगेच मिटवू नये, कारण सामाईक एककाची गरज त्यातूनच कळते. पूर असताना मुलांना घाटावर मात्र नेऊ नये. चित्र किंवा छायाचित्र वापरावे.

पुढचा टप्पा पर्जन्यमापकाचा. सरळ बाजूंची एक लिटरची प्लास्टिक बाटली घेऊन वरचा भाग मोठ्या माणसाने कापावा, कडेला चिकटपट्टी लावावी आणि कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट्याचा असतो, म्हणून तळाशी खडे टाकून ते बुडतील एवढे पाणी भरावे व तिथे शून्याची रेघ मारावी. बाटली उघड्यावर ठेवावी. पागोळीखाली ठेवली तर छपराचे पाणी मोजले जाते. रोज ठरल्या वेळी त्या रेघेपासून पाण्याइतक्या उंचीची कागदी पट्टी कापावी, पट्टीमागे वार लिहावा आणि पाणी पुन्हा रेघेवर आणावे. आठवड्याने पट्ट्या ओळीने चिकटवल्या की स्तंभालेख तयार होतो. मुलांनी कापलेला असल्याने तो त्यांना वाचता येतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पाणी कमी करायचे राहिले तर पट्ट्या रोज वाढतच जातात, कोरड्या दिवशीही पट्टी निघते. दुसरी चूक म्हणजे पट्ट्यांचे पाय एका रेषेत नसणे. मग लहान पट्टी वर चिकटून मोठी वाटते. दोन्ही वेळी दुरुस्ती हाती न देता ‘सोमवारी पाऊस जास्त होता ना?’ एवढेच विचारावे. तीन-चार वर्षांच्या मुलांनी जास्त-कमी सांगितले तरी पुरे. पाच-सहा वर्षांची मुले पट्टी किती बोटे भरते ते मोजतात. अंक सर्वांत शेवटी.

मोजणी आणि संख्यानावे

द्राक्षांच्या हंगामात घडातले मणी मोजण्याचा उपक्रम सोपा वाटतो, पण घड मोठा असला तर मूल तोच मणी दोनदा मोजते. मणी आधी देठापासून सोडवून बर्फाच्या ट्रेमध्ये दहा-दहाने मांडावेत. खायला द्यायची तर द्राक्षे नीट धुऊन, लांबीत चिरून द्यावीत. लहान मुलांच्या घशात अख्खा मणी अडकू शकतो.

मराठी संख्यानावांची अडचण वेगळी. ‘त्रेचाळीस’मध्ये आधी तीन ऐकू येते आणि लिहिताना आधी चार येतो, म्हणून 34 लिहिले जाते, ‘एकोणपन्नास’ ऐकून 59. बालभारतीने 2019 च्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ अशी जोड दिली तेव्हा बराच वाद झाला. वाद काहीही असो, काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर असल्या की मूल ‘त्रेचाळीस’ आणि ‘चाळीस तीन’ ही दोन्ही नावे पेलते.

नोंद आणि चुकीचे वापर

फळ्यावर चित्र चिकटवून मुलांकडून ते गिरवून घेणे म्हणजे बहुमाध्यमी शिक्षण नव्हे. तिथे माध्यम बदलते, विचार बदलत नाही. सगळ्यांची चित्रे सारखी दिसू लागली की शोध थांबला असे समजावे. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ भागांत घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाचे वाक्य त्याच्याच बोलीत चित्रामागे लिहावे, प्रमाण मराठीत बदलून नव्हे. प्रत्येक चित्रावर तारीख हवी. महिन्याभरातली तीन-चार चित्रे शेजारी ठेवली की मूल वस्तूंच्या ढिगाऐवजी त्यांची रांग कधी काढू लागले ते दिसते. अंगणवाडीच्या नोंदवहीतली ‘येते / येत नाही’ ही खूण एवढे सांगू शकत नाही.