सनपॅकला पाईपाचं सोल्युशन चालत नाही भाऊ

आपल्या जळगाव-धुळ्याकडे जुनी समजूत आहे, पाईपाचं सोल्युशन लावा, कोणतंही प्लास्टिक चिकटतं. गणपतीच्या डेकोरेशनला, कूलरच्या जुगाडाला सनपॅक शीट (ती आतून पोकळ नळ्या असलेली) घेतली की कोणीतरी डबा काढतोच. मीही लावलं होतं, दुसऱ्या दिवशी नख घातलं तर वाळलेला थर केळाच्या सालासारखा अख्खा निघून आला, खाली शीट कोरी करकरीत!

कारण सोपं आहे, सोल्युशन चिकटवत नाही, ते पाईपाच्या प्लास्टिकला, म्हणजे पीव्हीसीला, विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. सनपॅक असते पॉलीप्रॉपिलीनची, ती त्यात विरघळतच नाही. तुमच्याच शेतात बघा ना, ठिबकच्या काळ्या नळीला कधी सोल्युशन लावतात का, जॉईनरच टाकतो आपण, कारण ती पॉलिथिलीन, म्हणजे याचीच चुलत बहीण.

"मग घासून फेविक्विक लावा" हेही अर्धवटच. पाण्याचा थेंब टाकून बघा, पसरत नाही, मणी होऊन बसतो, गमचंही तेच होतं. घासून जरा फरक पडतो, पण आधी पॉलीप्रॉपिलीनचा प्रायमर मारला तरच ते नीट धरतं. खास पॉलीओलेफिनसाठीचा (म्हणजे पॉलीप्रॉपिलीन-पॉलिथिलीनच्या घराण्यासाठीचा) दोन भागांचा ॲक्रिलिक गम सगळ्यात पक्का, पण महाग. ग्लू गन घरातल्या मखराला ठीक, मे महिन्यात गच्चीवर नको, ढिली पडते.

मी तर आता वॉशर टाकून स्क्रू, नाहीतर भोकं पाडून केबल टाय.