गुठळी रोखणारे घट्ट मोजे: पुराव्याचा प्रवास

शस्त्रक्रियेआधी परिचारिका टेप घेऊन येते, घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजते आणि घट्ट मोजे पायांवर चढवते. पुढे बोटांपाशी एक भोक असतं. तिथून बोटांचा रंग आणि गरमपणा तपासता येतो. पायाच्या नीलांमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये, ती सुटून फुप्फुसात जाऊ नये, यासाठी हा खटाटोप.

गुठळी होण्याची तीन कारणं रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखली जातात: रक्त संथ होणं, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा आणि रक्त गोठण्याकडे झुकणं. शस्त्रक्रियेत तिन्ही एकत्र येतात. मोज्यांचा मुख्य इलाज चालतो तो पहिल्यावर, हे ध्यानात ठेवलं की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कित्येक दिवस, कधी आठवडे, अंथरुणावरून उठू देत नसत. पोटरीचा स्नायू हलला नाही तर रक्त वर ढकलणार कोण? १९४९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की बाहेरून दाब दिला तर खोल नीलांतला प्रवाह वेगाने वाहतो. सुमारे त्याच काळात कॉनराड जोब्स्ट या इंजिनिअरने, ज्याला स्वतःला नीलांचा त्रास होता, एक गोष्ट हेरली: तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. म्हणून मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारा. १९७५ च्या एका अभ्यासाने त्याला आकडे दिले: घोट्याशी १८ मिलिमीटर पारा इतका दाब, मांडीच्या वरच्या भागात ८.

त्याच वर्षी हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या कमी मात्रेची मोठी चाचणी आली. चार हजारांहून अधिक रुग्णांमध्ये फुप्फुसातल्या गुठळीने हेपारिन न दिलेल्या गटात १६ जण दगावले, दिलेल्या गटात २. मला हा आकडा सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण इथे मृत्यू मोजले गेले.

मोज्यांच्या बाजूने पुरावा आहेच. २० चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात मोजे न घातलेल्या गटात गुठळीचं प्रमाण २१ टक्के, घातलेल्या गटात ९ टक्के निघालं. पण त्यातल्या बहुतेक चाचण्यांत गुठळी शोधली ती किरणोत्सारी आयोडीनच्या तपासणीने. पोटरीतल्या, रुग्णाला कधी जाणवलीही नसती अशा बारीक गुठळ्याही तिच्यात मोजल्या जात.

मग काळ बदलला. रुग्ण दुसऱ्याच दिवशी चालू लागले, हेपारिन सर्रास झालं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांतल्या १,९०५ रुग्णांवरच्या चाचणीत नुसत्या हेपारिनवर १.७ टक्क्यांना, हेपारिन अधिक मोज्यांवर १.४ टक्क्यांना गुठळी झाली. नुसतं हेपारिन कमी पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी २००९ मध्ये, अर्धांगवायूच्या २,५१८ रुग्णांत मोज्यांनी गुठळ्या फारशा घटल्या नव्हत्या. उलट त्वचेला इजा झालेले मात्र ५ टक्के, मोजे नसलेल्यांत १ टक्का.

ती इजा कशी होते, हे वॉर्डात दिसतं. मोजा गुडघ्याखाली गुंडाळला जातो आणि जिथे दाब कमी हवा तिथेच घट्ट वळं बसतं. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतील तर हा दाब धोक्याचा. रक्तस्रावाच्या भीतीने ज्यांना हेपारिन देता येत नाही, त्यांच्यासाठी मात्र बाहेरून दाब देण्याची साधनं अजूनही कामाची आहेत. तीही मोजमाप घेऊन, रोज काढून त्वचा बघून.