इंजेक्शन दिलं की म्हैस जास्त दूध देते?

"धारेआधी इंजेक्शन टोचलं की म्हैस दुप्पट दूध देते," असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय.

आधी गोठ्यात काय घडतं ते बघा. रेडकू कासेला ढुसण्या देतं, सड तोंडात धरतं. मिनिट-दोन मिनिटांत मऊ लोंबणारे सड टरारून फुगतात, म्हैस पान्हा सोडते. हे तिच्याच अंगातल्या ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) होतं. टोचतात तेही ऑक्सिटोसिनच. ते कासेच्या आतल्या बारीक स्नायूंना आवळतं आणि तयार दूध खाली उतरतं. दूध तयार होतं ते चारा, पेंड, पाणी आणि जातीवर.

मग फायदा झालेला का दिसतो? एरवी कासेत उरणारं दूधही त्या वेळी निघतं म्हणून. पडताळायचं तर एका धारेवर जाऊ नका. सकाळ-संध्याकाळचं माप आठवडाभर वहीत लिहा आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघा.

खरं नुकसान पुढे होतं. रोज टोचल्यावर सवय लागते, मग सुईशिवाय ती पान्हवतच नाही. रेडकू दगावलं म्हणून नाइलाजाने सुई धरलेले शेतकरी मी पाहिलेत, त्यांची अडचण खरी आहे. पण कास कोमट पाण्याने धुणं, हलकं चोळणं, समोर आंबोण ठेवणं आणि धारेची वेळ न चुकवणं, यानेही बऱ्याच म्हशी पान्हवतात. थोडे दिवस धीर धरावा लागतो.

दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक इंजेक्शन देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे. त्यात जनावर सरकारजमा होऊ शकतं.